अकरा वाजून दहा मिनिटांचा रिपोर्ट

सोयाबीनच्या पोत्यावर माझा विश्वास नाही. पोतं आणणाऱ्यावर नाही, आणि ते विकत घेणाऱ्यावर तर त्याहून नाही. रिसोडच्या बाजारात एका अडत्याकडे मी माल पाहायचं काम करतो. परखी नावाची एक टोकदार पोकळ सळई असते. ती पोत्याच्या पोटात खुपसायची, आतून आलेले दाणे तळहातावर घ्यायचे, दोन दाताखाली चावायचे आणि ओलावा किती, काडीकचरा किती ते सांगायचं. शेतकरी वरच्या थराला उन्हात खडखडीत वाळलेले दाणे ठेवतो आणि खाली दवात भिजलेले. व्यापाऱ्याचा माणूस मुद्दाम जिथे माती दिसते तिथेच परखी घालतो. दोघंही एकमेकांना 'भाऊ' म्हणतात. चौदा वर्षं हे पाहिल्यावर माणूस देवळातला प्रसादही आधी हुंगतो आणि मग तोंडात टाकतो.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी जे केलं ते ऐकून लोक मला वेड्यात काढतील. तेव्हा मात्र मला ते अगदी रीतीचं वाटलं होतं.

लग्नाला चार वर्षं झाली तरी घरात पाळणा हलला नव्हता. बायको मानोऱ्याकडची, बारावी शिकलेली, घरीच मशीनवर ब्लाउज शिवते. गल्लीतल्या बाया मापं द्यायला यायच्या आणि मापं देता देता तिच्या पोटाकडे पाहायच्या. माझी आई ओसरीत गहू निवडत हे सगळं ऐकायची. पहिली दोन वर्षं ती काही बोलली नाही. तिसऱ्या वर्षी शेजारच्या डोहाळजेवणाच्या दिवशी ती सुनेला म्हणाली, "तू घरीच राह्य. उगी लोकायच्या नजरेत कायले याव माणसानं?" त्याच शेजारणीचा ब्लाउज बायकोच्या मशीनवर होता. तिने तो पूर्ण केला, हुक लावले, इस्त्री केली आणि माझ्या हाती पाठवून दिला. मी तो नेऊन दिला आणि परत येऊन जेवलो.

वाशिमच्या एका डॉक्टरीणबाईंकडे बायकोच्या सगळ्या तपासण्या झाल्या. फाइल तिच्या नावाची, फाइलवर मोबाइल नंबर तिचा. बाईंनी सगळे कागद चाळले आणि म्हणाल्या, "हिच्यात काही दोष नाही. आता यांची तपासणी करू. खरं तर तीच आधी व्हायला पाहिजे होती, सगळ्यात सोपी असते." मी म्हणालो, सध्या हंगाम आहे. सोयाबीन सरलं तर तूर आली, तूर सरली तर हरभरा आला. आमच्या बाजारात हंगाम कधी संपतच नाही, हे माझ्या फार कामी आलं.

शेवटी पोळ्याच्या आधी, बाजार थंड असताना, माझ्याकडे कारण उरलं नाही. बाईंनी एक फॉर्म भरायला दिला. दारू, तंबाखू, ऑपरेशन, मार लागला होता का, असे रकाने होते. त्यातच एक होता: वयात आल्यावर गालगुंड झालं होतं का? मी 'नाही'वर खूण केली. पेन अडखळलंही नाही.

झालं होतं. चोवीस वर्षांचा असताना. बहीण उन्हाळ्यात किन्हीराजाहून लेकरं घेऊन आली होती, त्यातल्या धाकट्याचे दोन्ही गाल फुगलेले. आमच्याकडे त्याला गालफुगी म्हणतात. आईने त्याच्या गालाला हळद आणि गेरूचा लेप लावला होता, आणि तो माकडासारखा दिसतो म्हणून मी त्याला चिडवत होतो, माझ्याच ताटात जेवू घालत होतो. दोन-अडीच आठवड्यांनी माझे गाल फुगले. बाजारातल्या हमालांना हसायला विषयच मिळाला. एवढा मोठा घोडा आणि लहान पोरांचा आजार. मीही हसलो.

पाचव्या दिवशी गाल उतरायला लागले आणि ताप पुन्हा चढला. या वेळी सूज खाली आली, दोन्ही बाजूंनी. काय दुखलं ते मी लिहू शकत नाही. पाय जवळ घेता येत नव्हते, लुंगीचा सुद्धा भार सहन होत नव्हता. पण ही गोष्ट सांगणार कोणाला? आईला सांगायची लाज, हमालांना सांगायची त्याहून भीती. गालफुगीचं नाव काढलं असतं तर 'खाली उतरली' हे शब्द जन्मभर माझ्यामागे लागले असते. म्हणून मी सांगितलं की पोत्यांच्या थप्पीवरून घसरलो आणि वजनकाट्याच्या लोखंडी दांडीवर आदळलो. सगळ्यांनी विश्वास ठेवला. थप्पीवरून पडणं हे मर्दानी दुखणं आहे. ओल्या फडक्याच्या पट्ट्या ठेवून आठ दिवस घरात पडून राहिलो, डॉक्टरकडे गेलो नाही, आणि सूज उतरली तसा विषय मिटला. पुढे तीच थाप मी इतक्यांदा सांगितली की मला ती थप्पीही दिसायला लागली होती, कोणत्या पोत्यावरून पाय घसरला ते सुद्धा.

तर फॉर्मवर मी 'नाही' लिहिलं. त्या आजाराचा लेकराबाळांशी काही संबंध असतो हे मला माहीत नव्हतं, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो. माहीत नव्हतं, तर मग खोटं लिहिलं कशाला? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगीच नाही.

लॅबमध्ये एका पोरीने प्लास्टिकची डबी दिली आणि बोळीच्या टोकाचं बाथरूम दाखवलं. कडी लागत नव्हती. एका हाताने दार धरून माणसाने काय करायचं ते करायचं. बाहेर आलो तर खिडकीवर आणखी दोन डब्या ठेवलेल्या, झाकणं सारखीच. ती पोरगी फोनवर बोलत बोलत चिठ्ठ्या चिकटवत होती. मी तिथेच उभं राहून तिचे हात पाहिले. माझी चिठ्ठी माझ्याच डबीवर लागली असं मला वाटलं. पण वाटणं आणि असणं यातला फरक माझ्याइतका कोणाला कळणार?

मी तिला बजावून सांगितलं की रिपोर्ट मोबाइलवर पाठवू नको, कागदच दे. संध्याकाळी कागद मिळाला. शुक्राणू जवळपास नाहीतच, असं त्यात लिहिलं होतं. मी तो लॅबच्या पायरीवर उभा राहून चार वेळा वाचला. मग घडी घालून, अडत्याच्या दुकानात जिथे माझ्या परख्या टांगलेल्या असतात त्या फळीमागे सरकवून ठेवला. घरी सांगितलं की मशीन बंद होतं, पुन्हा बोलावलं आहे.

पुढचे कितीतरी दिवस मी सगळ्या जगावर संशय घेत फिरलो. आधी कोरोनाच्या लशीवर घेतला. तेव्हा गावोगावी बोलत होतेच की लस घेतली की माणूस कामातून जातो. मी दोन्ही डोस घेतले होते, म्हणजे झालंच. मग मला स्वतःला दुसऱ्या लाटेत कोरोना होऊन गेलेला आठवला, तर त्याच्यावर घेतला. मग पँटच्या खिशातल्या मोबाइलवर. मग फवारणीच्या औषधावर, जरी मी स्वतः फवारणी करून दहा वर्षं झाली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आणि हे सगळं फिरून झालं की माझं मन परत त्या खिडकीवर यायचं. तीन डब्या, सारखी झाकणं, फोनवर बोलणारी पोरगी.

आमच्याकडे शेतकऱ्याचा ओलाव्याच्या मशीनवर विश्वास नसला की तो भांडतो. अशा वेळी एक रीत आहे. ज्याचा ओलावा आम्हाला पक्का माहीत आहे असा सुका माल डब्यात राखून ठेवलेला असतो, तो मशीनमध्ये टाकून दाखवायचा. मशीनने तोच आकडा सांगितला तर मशीन बरोबर, आणि शेतकऱ्याचा माल ओला. मला वाटलं, लॅबचीही अशीच परीक्षा घ्यावी. माहितीचा माल टाकून पाहावा.

माहितीचा माल म्हणजे आमच्या बाजारातला मापारी. काट्यावर पोती मोजणारा, माझा लहानपणापासूनचा दोस्त, दोन लेकरांचा बाप. दुसरं लेकरू तर दीड वर्षाचंच. त्याला चहाच्या टपरीमागे नेऊन सगळं सांगितलं तेव्हा तो आधी हसला, मग माझा चेहरा पाहून थांबला.

"म्या कायले जाव तिथं?" तो म्हणाला. "मले तं हायेत ना दोन."

"म्हणूनच. तुहा चांगला आला तं लॅब खरी. तुहा बी वाईट आला तं लॅब खोटी. मले तेवढंच पाह्याचं हाय."

"आन् माह्या नावाचा कागद कोणाच्या हाती पडला तं? लोकं म्हणतीन, यानं तपासलं काहून? याले डाऊट कशाचा होता? मंग लेकरं कोणाचे, इथपर्यंत जाईन गोष्ट."

मला त्याचं म्हणणं पटलं. आमच्याकडे तपासणी केली हाच अर्धा पुरावा असतो. मग आम्ही दोघांनी मिळून तोडगा काढला. तो माझ्या नावाने जाईल. डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी माझ्याकडे होतीच, पुन्हा तपासणी म्हणून दाखवायची. खिडकीवरच्या पोरीला कोणाचा चेहरा आठवतो?

दसरा होऊन गेला होता आणि बाजार सोयाबीनने नुसता भरून वाहत होता. एका मंगळवारी तो सकाळच्या एसटीने वाशिमला गेला आणि त्याच्या काट्यावर मी उभा राहिलो. त्या दिवशी माझं कशातच चित्त नव्हतं, डबासुद्धा घरी विसरलो. लिलावाची आरडाओरड ऐन भरात असताना बायको डबा घेऊन आली. मी पोतं काट्यावर चढवत होतो. ती बाजूला उभी राहिली, डबा खांबाच्या खिळ्याला अडकवला, दोन मिनिटं लिलाव पाहिला आणि गेली. जाताना म्हणाली, "आज तुमीच काट्यावर?" मी म्हणालो, त्याची तब्येत बरी नाही.

एवढा सगळा बेत आखला आणि एक गोष्ट मापाऱ्याला सांगायची राहिली. कागदच घ्यायचा, मोबाइलवर पाठवू द्यायचं नाही. त्याने चिठ्ठी दिली, तिच्यावर फाइलमधला बायकोचाच नंबर होता, पोरीने विचारलं, "याच नंबरवर पाठवू?" आणि तो हो म्हणून आला.

दोन दिवसांनी मी संध्याकाळी घरी गेलो तेव्हा आई दारातच होती. तिने माझ्या हातावर साखर ठेवली. बायको मशीनपाशी बसली होती, मांडीवर मोबाइल. रिपोर्ट मराठीत सांगायला तिने शेजारच्या मास्तरांच्या बायकोला विचारलं होतं म्हणे. सगळं उत्तम. संख्या उत्तम, हालचाल उत्तम. आई म्हणाली, "मले माहीतच होतं. माह्या लेकात काय खोट असन बाप्पा?" आणि मग, आवाज न चढवता, गहू निवडल्यासारखं, "मंग आता खोट कोणात हाय ते आपणच समजाव."

मी तोंडात साखर धरून उभा होतो. लॅब खरी निघाली होती. म्हणजे फळीमागचा कागदही खरा. एका क्षणात मला दोन्ही कळलं, आणि त्याच क्षणी बोललो असतो तर पुढचं काहीच झालं नसतं. मी साखर गिळली.

रात्री जेवताना बायकोने विचारलं, "वाशिमले गेले कधी तुमी?"

"मंगळवारी. कामातून पटकन जाऊन आलो."

"किती वाजता?"

"असतीन दहा-अकरा."

"असं," ती म्हणाली आणि मला आणखी एक भाकर वाढली. मला वाटलं, तिला बरं वाटलं असेल.

त्यानंतर घराची तऱ्हाच बदलली. आई सुनेशी बोलताना तिच्याकडे न पाहता चुलीकडे पाहून बोलू लागली. कोणाच्या तरी मामाच्या पोरीचा विषय दोनदा निघाला आणि मी आल्यावर दोन्ही वेळा थांबला. मापारी बाजारात डोळा मारून म्हणाला, "भाऊ, तुह्या नावावर मी पास झालो बे." मी हसलो नाही. खरं सांगायचं तर मला त्याचा राग येऊ लागला होता. माझ्या बायकोच्या मोबाइलमध्ये त्याचं ते सगळं उत्तम पडलेलं होतं, आणि ती कधीमधी ते उघडून पाहते हे मला दिसत होतं. ती त्यात काय पाहते? तो घरी चहाला आला की मी तिच्या नजरेवर पाळत ठेवायचो. इतका हलका विचार मी आयुष्यात केला नाही. आणि तोही मीच पाठवलेल्या माणसाबद्दल.

डॉक्टरीणबाईंनी नवा रिपोर्ट पाहिला आणि म्हणाल्या, "नवऱ्याचं इतकं चांगलं आहे, तिच्याही तपासण्या ठीक आहेत, तरी दिवस राहत नाहीत. आता दुर्बिणीतून आत पाहावं लागेल. पोटाला बारीक छेद, पूर्ण भूल. अकोल्याला करून घ्या." बायकोने फक्त विचारलं, किती दिवस मशीनवर बसता येणार नाही. मी खुर्चीत होतो. माझ्या तोंडून एवढंच निघालं की तारीख हंगाम पाहून घेऊ.

तारीख लागली. मधे सतरा दिवस होते. रोज सकाळी मी ठरवायचो की आज सांगायचं, आणि रोज संध्याकाळी काहीतरी सापडायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. एकदा मुठीत काही नाही हे कळलं की काय राहतं? बाजारात मी लोकांच्या पोत्यात परखी खुपसत होतो आणि दुपारी फळीमागे हात घालून कागद जागेवर आहे का ते पाहत होतो.

अकोल्याच्या दवाखान्यात आम्ही दोघंच गेलो. आईने येते म्हटलं तर बायको म्हणाली, "नका येऊ, आमी दोघं पुरे हाओत." नर्सने तिला आत नेऊन कपडे बदलायला सांगितलं आणि माझ्यासमोर संमतीपत्र ठेवलं. पेशंटची सही झालेली होती, सरळ, गोल अक्षरात. खाली नवऱ्याची सही. भूल देताना होणारे धोके मराठीत छापलेले होते, आणि मी छापलेलं सगळं वाचणारा माणूस आहे. मी ते सगळं वाचलं. आणि सही केली.

हो, केली. हे मी गाळू शकलो असतो. सही केली, बाकावर येऊन बसलो, आणि समोरच्या भिंतीवरचं घड्याळ पाहत राहिलो. कोणीतरी स्ट्रेचर ढकलत आतल्या दाराकडे नेलं, रिकामं. त्याच्या एका चाकाचा आवाज येत होता. तेव्हा मी उठलो आणि डॉक्टरांच्या खोलीत शिरलो. ते पन्नाशीचे, बारीक आवाजाचे गृहस्थ होते. मी म्हणालो, "साहेब, तो रिपोर्ट माझा नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मी सगळं सांगितलं, डब्या, मापारी, फळीमागचा कागद. ते रागावले नाहीत. त्यांनी आधी फोन उचलून आत सांगितलं की पेशंटला भूल देऊ नका. मग मला पडद्याआड नेऊन हातानेच तपासलं. मी दाणा बोटात धरून सांगत आलो की आत काय आहे. त्यांच्या बोटांना काय कळलं ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"लहान आहेत दोन्ही, आणि मऊ," ते म्हणाले. "मोठेपणी गालगुंड झालं होतं?"

सवयीने 'नाही' तोंडापर्यंत आलं. मग म्हणालो, झालं होतं.

त्यांनी समजावून सांगितलं. लहानपणी हा आजार बहुतेक वेळा गालांवर येतो आणि जातो. वयात आल्यावर झाला तर तो विषाणू अंडकोषात उतरू शकतो. बहुतेकांची एकच बाजू सुजते, आणि तशांना पुढे मूल होतं. दोन्ही बाजू सुजल्या तर क्वचित कोणाला असं होतं. तेव्हा डॉक्टरकडे गेलो असतो तरी हे टळलंच असतं असं नाही, पण निदान कळलं असतं. मी लशीचं विचारलं. ते म्हणाले, "लशीचा काही संबंध नाही. कोरोनाच्या तापाने काही महिने संख्या कमी होऊ शकते, परत येते. तुमचं जुनं आहे." मग मला म्हणाले, "हे आता बाहेर जाऊन तिला सांगा. मी सांगणार नाही."

ती बाकावर बसली होती, दवाखान्याचा हिरवा झगा अंगात, मंगळसूत्र पर्समध्ये. मी शेजारी बसलो. शब्द जुळवत होतो तेवढ्यात तिनेच विचारलं, "सही केली?"

"केली."

"आन् सांगितलं?"

"सही केल्यावर."

तिने पर्समधून मोबाइल काढला, तो रिपोर्ट उघडला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. माझं नाव, माझं वय, आणि त्याखाली नमुना घेतल्याची तारीख आणि वेळ. मंगळवार, अकरा वाजून दहा मिनिटं.

"या वेळेले मी तुमच्यासमोर उभी होती," ती म्हणाली. "डबा घेऊन. तुमी काट्यावर पोतं चढवून राह्यले होते."

मी ती ओळ वाचली. दुसऱ्याच्या पोत्यातला खडा शोधणारा मी, आणि हे मी एकदाही वाचलं नव्हतं.

"मंग बोलली काहून नाई?"

"तुमी बोलता का ते पाहून राह्यली होती. रोज वाट पाह्यली. मंग म्हटलं, ऑपरेशनच्या टेबलापर्यंत जाऊन पाहू."

"आन् मी नसतो बोललो तं?"

"तं चिरून घेतलं असतं," ती म्हणाली. "पण मंग जन्मभर माहीत राह्यलं असतं, माणूस कसा हाय ते."

ती कपडे बदलायला आत गेली. मला रडू आलं. आजूबाजूच्या लोकांना वाटलं असेल की माझं कोणीतरी आत गंभीर आहे.

चार दिवसांनी आम्ही पुन्हा अकोल्याला गेलो. डबीवरची चिठ्ठी बायकोने स्वतः लिहिली, स्वतः चिकटवली, आणि दाराबाहेर उभी राहिली. इथे कडी लागत होती. रिपोर्ट पहिल्यासारखाच आला, जो मी अडीच-तीन महिने परख्यांच्या मागे लपवला होता.

घरी आईला मी बायकोसमोर सांगितलं. तशी अट तिने घातली नव्हती, पण ती स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहिली तेव्हा मला कळलं. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण तू तं थप्पीवरून पडला होता."

"नाई पडलो, माय."

आईने गव्हाचं ताट पुढे ओढलं आणि निवडत बसली. दुसऱ्या महिन्यात गल्लीत बारसं होतं, तेव्हा तिने सुनेला हाक मारली, "चाल वं, उशीर होऊन राह्यला." आमच्याकडे माफी वगैरे कोणी मागत नाही. दोघी सोबत गेल्या आणि सोबत आल्या.

अकोल्याला आमचं येणं-जाणं अजून चालू आहे. डॉक्टरांनी दोन-तीन वाटा सांगितल्या आहेत, दत्तक घेण्याचीही. बायको त्यांची माहिती काढत असते आणि मला वाचायला देते. तो सगळं उत्तम असलेला रिपोर्ट कोणाचा, हे तिने आजवर विचारलेलं नाही. मापारी चहाला आला की ती कप ठेवते आणि आत जाते.

एक मात्र बदललं आहे. रोज लिलावाच्या वेळी माझा मोबाइल वाजतो. तिचाच असतो. मी उचलतो, ती काही बोलत नाही. मी पण बोलत नाही, मोबाइल लिलावाकडे धरतो. तिकडे बोली चढत असते, हमाल ओरडत असतात, काट्यावर पोतं आदळतं. ती थोडा वेळ ऐकते आणि ठेवून देते. तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झालेली असतात.